आबांच्या पायाशी साचलेलं पाणी

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर काहीतरी काळं, जाड, केसाळ वाळत घातलेलं तुम्हाला दिसलं. धाकटीने विचारलं, "आजी, अस्वल का वाळत घातलंय?" तुम्ही दोघं खूप हसलात, आणि तेवढ्यात आमची रेंज गेली. ते अस्वल नव्हतं. आपल्या गाडीचं कार्पेट होतं. ते तिथे कसं आलं, ते आता सावकाश लिहिते. कुठे अडलात तर आईला विचारा.

सुरुवात गाडीपासून नाही, आबांच्या पायापासून झाली. आबांना साखरेचा आजार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे त्यांच्या पायांना आता फारसं काही कळत नाही. टोचलेलं कळत नाही, भाजलेलं कळत नाही. मे महिन्यात टाकीत पाणी किती आहे ते बघायला ते अनवाणी गच्चीवर गेले. स्लॅब तव्यासारखा तापलेला. खाली आले, चहा प्यायले, पेपर वाचला, आणि संध्याकाळी मी पाहिलं तर उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड. तो फुटला आणि जखम झाली. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं.

कागलहून कोल्हापूर म्हणजे हायवेने सरळ रस्ता. पण पंचतारांकित एमआयडीसीचे ट्रक, धूळ आणि उन्हाचा कहर. गाडी मीच चालवते, कारण आबांच्या पायाला आता ब्रेक कुठला आणि किती दाबला ते समजत नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, जखमेला धूळ लागता कामा नये आणि पाणी तर अजिबात नाही. म्हणून मी काचा बंद ठेवायची आणि एसी पूर्ण सोडायची, शिवाय पायाकडे हवा सोडणारी झडप उघडी. आबांचा पाय गार आणि स्वच्छ राहावा म्हणून.

आधीच्या खेपेलाही पट्टी थोडी ओलसर निघाली होती. त्या दिवशी मात्र डॉक्टरबाईंनी ती सोडली आणि त्यांचा चेहराच बदलला. पट्टी चिंब, आणि जखमेच्या कडा पांढऱ्या पडून सुरकुतलेल्या.

"आबा, पाय भिजवलात."

"न्हाय भिजवला."

"मग ही पट्टी कुणी भिजवली?"

"मला काय म्हायीत? मी काय शाळंतलं पोरगं हाय व्हय, चोरून पाण्यात खेळायला?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, परवा पट्टी कोरडी हवी. पुन्हा अशीच निघाली तर मी ॲडमिट करून घेणार. आणि अंगठा राहील की नाही, ते मला आज सांगता येणार नाही."

आबा गाडीत बसले. मग म्हणाले, "तुला बी तसंच वाटतंय न्हवं?"

मला तसं वाटत नव्हतं. अंघोळीला ते स्टुलावर बसतात. पायाला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला दोरी, आणि तो पाय बाथरूमच्या दाराबाहेर दुसऱ्या स्टुलावर. बाकीचे आबा आत. शिवाय त्या दिवशी निघताना मी स्वतः पट्टी चाचपून पाहिली होती, ती खडखडीत कोरडी होती. म्हणजे घर सोडल्यापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत मध्येच कुठेतरी पाणी होतं. आणि मध्ये गाडीशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

मी गाडी सुरू केली नाही. उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, "अहो, पाय नेहमी ठेवता तसे ठेवा." आबा उंच. त्यांनी पाय रबरी मॅटच्या पलीकडे, पार डॅशबोर्डखाली, जिथे गाडीचा तळ वर चढतो तिथपर्यंत लांब केले. मॅट मी रोज पुसते, ती कोरडीच होती. मी हात मॅटच्या पुढे, त्यांच्या टाचेखाली घातला. तिथलं कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं. बर्फासारखं गार. नव्या पट्टीची कडही ओली व्हायला लागली होती. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पट्टी खालून पाणी ओढत होती, आणि आबांना त्याचा पत्ताही नव्हता.

"हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं असतं तर गच्चीवर नाचलो असतो का?"

त्यांना परत वर दवाखान्यात नेऊन पट्टी बदलून घेतली, आणि येताना त्यांचा पाय माझ्या पर्सवर ठेवला. मागच्या सीटवर बसवायचं म्हटलं तर आपल्या लहान गाडीत त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात. शिवाय तिथेही दाबून पाहिलं, ओल मागेपर्यंत पोचली होती. रिक्षातली धूळ चालणार नव्हती. म्हणजे परवाच्या आत ही गाडीच कोरडी करायला हवी होती.

आम्हाला शाळेत सायन्स शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला, मग कारण आपोआप सापडतं. दुपारी आबा झोपले तेव्हा मी कामाला लागले. आधी पांढरा रुमाल त्या पाण्यात बुडवून उन्हात धरला. रंग नाही, चिकटपणा नाही, वासही नाही. रेडिएटरचं पाणी असतं तर हिरवट आणि चिकट लागलं असतं. पाऊस म्हणावा तर यंदा वळीव आमच्याकडे फिरकलाच नव्हता आणि गाडी पोर्चमध्ये उभी असते. मग पेपरच्या घड्या कार्पेटवर दाबून जेवढं टिपता येईल तेवढं पाणी टिपलं, नव्या घड्या घातल्या आणि एसी बंद ठेवून हायवेला एक चक्कर मारली. घामाने मी भिजले, पण पेपर होते तसेच. पुन्हा तीच चक्कर, या वेळी एसी लावून. डावीकडे वळताना डॅशबोर्डच्या आत चूळ भरल्यासारखा आवाज आला. परत आले तर वरची घडी ओली.

म्हणजे एसीचंच पाणी. गार कॉइलवर हवेतली वाफ बसते आणि तिचं पाणी होतं, गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. ते पाणी एका नळीने गाडीखाली रस्त्यावर पडायला हवं. उन्हाळ्यात एसी लावलेल्या कुठल्याही गाडीखाली थेंब थेंब ओलं दिसतं. मी खाली वाकून पाहिलं. आपल्या गाडीखाली फरशी कोरडी. आणि गेले कित्येक दिवस मी यावर खूश होते! शेजारच्यांची गाडी पोर्चमध्ये डाग पाडते, आपली पाडत नाही, असं मी आबांना दोनदा तरी ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. आबांना एका खुर्चीत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मिस्त्रींनी आधी काचेच्या रबरावर बोट ठेवलं.

"आक्का, पावसाचं पाणी हितनं शिरतंय बगा. रबर बदलूया."

"पाऊस झालाय कुठे?"

"ते बी खरं हाय की." त्यांनी डोकं खाजवलं. "मग डॅशबोर्ड खोलायला लागंल. चार दिस जात्यात."

"चार दिवस नाहीत माझ्याकडे. आधी खालची नळी बघा. एसी लावला की पाणी येतं, बंद केला की येत नाही, आणि खाली एक थेंब पडत नाही."

त्यांनी माझ्याकडे, मग आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "बग बाबा. तिनं पेपर घालून सगळी परीक्षा घेतलीया गाडीची."

गाडी रॅम्पवर चढली. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली गेले. बराच वेळ नुसता टॉर्च इकडून तिकडे फिरत होता.

"आक्का, हितं नळीच न्हाय!"

"नळी नसेल कशी?"

"समदं काळं काळं. हे अंडरकोटिंग कवा केलासा?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे पावसाळा दणकून असतो, म्हणून पावसाआधी लोक गाडीच्या पोटाला डांबरासारखा काळा लेप मारून घेतात, पत्रा गंजू नये म्हणून. आबा आजऱ्याकडचे. तिकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला गंजाची जेवढी भीती, तेवढी वाघाची नसते. मेच्या सुरुवातीलाच त्यांनी हायवेवरच्या एका दुकानात लेप मारून घेतला होता.

मिस्त्री बाहेर आले. हाताला काळं. "अण्णा, ह्यो लेप एक हात न्हाय वाटत."

आबा पायाच्या पट्टीकडे बघत राहिले. "दोन हात मारल्यात."

"दुकानदार दोन हात मारतोय व्हय?"

"मी सांगितलंतं. उभा ऱ्हाऊन मारून घेतला दुसरा. पैलाच पातळ वाटला मला."

मिस्त्री इतके हसले की त्यांना रॅम्पच्या खांबाला धरावं लागलं. "अण्णा, गंज लागायचा न्हाय गाडीला. पर बिचारीचं मुतणंच बंद केलासा की तुमी!"

हे मी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. तुमच्या आईने भुवया उंचावल्या तर सांगा, आजीने लिहिलंय.

मग ते पुन्हा खाली गेले. इंजिनाच्या मागच्या बाजूला बोटांनी चाचपत चाचपत त्यांना लेपाखाली एक उंचवटा लागला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी तो खरवडला, जखमेवरची खपली काढावी तितक्या हळू, कारण खालची नळी रबराची होती. खपली निघाली आणि सगळं साचलेलं पाणी एकदम त्यांच्या कोपरापासून बगलेपर्यंत ओघळलं. मिस्त्री ओरडले, "आयला, टाकीच हाय की ही!"

नळीत हवा मारून ती साफ केली. एसी चालू ठेवून आम्ही तिघंही खाली बघत बसलो, आणि थोड्या वेळाने थेंब पडायला लागले. मिस्त्री म्हणाले, पुढच्या वेळी लेप मारायच्या आधी नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा आणि नंतर काढा. एवढंच. मग त्यांनी पुढची सीट काढून कार्पेट उचललं. खालच्या फेल्टच्या जाड थरात इतकं पाणी होतं की पिळल्यावर बादली अर्धी भरली. सीट परत बसवली आणि आम्ही उघड्या पत्र्यावरच घरी आलो. कार्पेट भिंतीवर गेलं. ते तुमचं अस्वल.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला निघताना आबांनी पाय पुढे लांब केले आणि लगेच मागे घेतले. कागलपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक सिग्नलला मी वाकून पत्र्याला हात लावत होते. मागून हॉर्न वाजायचे. आबा काच खाली करून त्यांना म्हणायचे, "थांबा की वाईच!" आणि मी म्हणायचे, "काच वर घ्या, धूळ येते."

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडायला घेतली तेव्हा आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मात्र बघत होते. एक वेढा, दुसरा वेढा, सगळे कोरडे. अगदी शेवटचा थर जखमेला थोडा चिकटला होता, तो त्यांनी औषध लावून सोडवला. कडांचा पांढरेपणा कमी झाला होता.

"आबा, आता खरं सांगा, काय केलंत?"

"मी काय बी न्हाय केलं. गाडीचं ऑपरेशन केलं." मग त्यांनी सगळं सांगितलं, दुसऱ्या लेपासकट. मला वाटलं होतं, तेवढं गाळतील. डॉक्टरबाई ऐकता ऐकता ॲडमिट करायचं विसरल्या, किंवा आता गरज उरली नव्हती.

त्यानंतर जखम हळूहळू आतून भरत आली. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी नवी पट्टी बांधलीच नाही. अंगठ्याखाली गुलाबी, पातळ, नवी कातडी होती. आबांनी पाय मांडीवर घेतला आणि बोटाने तिथे दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग पाय माझ्यापुढे केला.

"तू हात लाव. मला कळत न्हाय. कोमट हाय का?"

मी तळहात ठेवला. कोमट होता. तसं सांगितल्यावर, गच्चीवर अनवाणी गेलेल्या आबांनी स्वतःहून मोजे मागितले.