डाव्या कुशीतल्या गुदगुल्या

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर एकच काम केलं, लोकांवर संशय घ्यायचं. आणि ते कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं. जीव ओतून करायच्या.

आमच्या गावात घड्याळाचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. तिथल्या बायकांच्या फाटकावर सासूबाई झडतीला होत्या. शिफ्ट सुटली की प्रत्येकीने एका कापडी पिशवीत हात घालून गोटी काढायची. पांढरी आली तर सरळ घरी. लाल आली तर पडद्यामागे जाऊन सासूबाईंपुढे दोन्ही हात वर करून उभं राहायचं. खांदे, काखा, कंबर, केस, डब्याचं झाकण, सगळं मिनिटाभरात. बायका त्यांना 'चाळणी' म्हणायच्या. त्यांच्या हाताखालून तांदळाच्या कणीएवढं चाकही सुटायचं नाही.

हे काम त्यांना शिकवलं आधीच्या झडतीवालीने. ती निवृत्त होताना एवढंच म्हणाली होती, "तोंडाकडे बघायचं नाही. तोंड फसवतं. हातांनी बघ." सासूबाईंनी ते गाठीशी बांधलं. मला वाटतं, त्यांना ते पटायला फार वेळ लागला नसणार. लहानपणी त्या मामाकडे वाढल्या. त्या नऊ वर्षांच्या असताना मामीचं कानातलं हरवलं आणि सगळ्यांसमोर त्यांचे कपडे झटकले, अंथरूण उसवलं. कानातलं नंतर सापडलं. पण ते सापडल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही. चार दिवसांनी मामीच्या कानात दिसलं, तेव्हा कळलं. ही गोष्ट सासूबाईंनी मला एकदाच सांगितली, तीही भांडी पुसताना, माझ्याकडे पाठ करून.

मी त्याच कारखान्यात जोडणीच्या हॉलमध्ये होते. त्यांच्या मुलाने घरी माझा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "हिला ओळखते मी. डाव्या कुशीत गुदगुल्या होतात हिला." सासरी माझी ओळख झाली ती अशी.

लग्नानंतर वाटलं, आता तरी सुटका होईल. कसलं काय! त्यांनी स्वतः साहेबांना जाऊन सांगितलं, माझ्या सुनेला गोटी नको, तिची रोज झडती. उद्या कुणी बोट दाखवायला नको. म्हणजे सगळ्या जणी नशिबावर सुटायच्या आणि मी एकटी रोज पडद्यामागे. घरीही तेच. बाहेर निघाले की माझी पर्स त्यांच्या हाताखालून जायची. "किल्ली घेतलीस का बघते," म्हणायच्या. किल्ली माझ्या हातात लोंबत असायची! मी नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "माझं दप्तर दहावीपर्यंत बघायची." जसं काही त्याने माझं समाधान होणार होतं.

हळूहळू मलाही तीच सवय लागली. त्या माझं कपाट उघडतात का, हे कळावं म्हणून मी दाराच्या फटीत दोरा अडकवून ठेवायचे. दोरा रोज जागेवरच असायचा. मग मला वाटायचं, बाई हुशार आहे, परत लावून ठेवत असेल.

त्या वर्षी हॉलमधून पितळी चाकं गायब व्हायला लागली. दोघींना काढलं. त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही, पण नाव खराब व्हायचं ते झालंच. नंतर त्यांना कुठल्याच कारखान्याने दारात उभं केलं नाही. आम्ही सगळ्या एकमेकींच्या टेबलाकडे तिरक्या नजरेने बघायला लागलो. डबासुद्धा झाकून खायचो.

हॉलमध्ये एक नियम होता. बाही दुमडायची नाही, कारण दुमडीत भाग पडतात. पहिल्याच दिवशी शिकवतात तो. एके दिवशी हात धुताना स्वेटरची बाही भिजली, ती मी वर दुमडली आणि तशीच टेबलावर येऊन बसले. संध्याकाळपर्यंत विसरून गेले. दहा वर्षांचं काम आणि चूक पहिल्या दिवसाची!

पडद्यामागे सासूबाईंचे हात नेहमीसारखे खांद्यावरून खाली आले आणि मनगटापाशी थांबले. दुमड उघडली. त्यांच्या दोन बोटांमध्ये पिवळं काहीतरी चमकलं. बाहेर रांग उभी होती, शेजारी घंटा होती. ती वाजवली की साहेब येणार आणि माझा कारभार संपणार.

सासूबाईंनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. फाटकावर पहिल्यांदाच. किती वेळ, माहीत नाही. मग चाक मुठीत मिटलं आणि म्हणाल्या, "बाही खाली कर. जा."

माझ्या पाठोपाठ त्या बाहेर आल्या. झाडलोटीत सापडलेले भाग टाकायचा डबा फाटकाजवळ असतो, त्यात त्यांनी मूठ रिकामी केली. घरी मी बोलायला गेले, "आई, बाही ओली झाली होती म्हणून मी..."

"जेवून घे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणवेश घातला नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती, तरी राजीनामा दिला. लोकांना सांगितलं, गुडघे गेले. मी मात्र मनाशी धरून बसले, बाईंचा शेवटी माझ्यावर विश्वास बसला, माझा चेहरा त्यांनी वाचला. या एका गोष्टीवर मी अकरा वर्षं त्यांचं सगळं सहन केलं.

गेल्या महिन्यात विचारलं. आता त्या खिडकीपाशी खुर्चीतच असतात, खरोखरच गुडघे गेलेत.

"आई, त्या दिवशी तुम्हाला कळलं ना, मी चोरलं नव्हतं?"

"ते मला काय माहीत?"

"मग सोडलंत का?"

"घंटा वाजवली असती तर तुला सगळ्यांसमोर झटकलं असतं. ते मला बघवलं नसतं."

"आणि नोकरी?"

"एकीला सोडल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने उभं करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं या घरात मी चोर म्हणून राहिले की काय? "मी चोर नव्हते, आई!"

"बरं," त्या म्हणाल्या. लाल गोटीवालीकडे काही सापडलं नाही की त्या हेच म्हणायच्या.

मी तावातावाने पर्स उचलली आणि बाजाराला निघाले. खुर्चीजवळून जाताना त्यांचा हात सवयीने पुढे आला. मी पर्स त्यांच्या मांडीवर आपटली आणि रागाने दोन्ही हात वर करून उभी राहिले. घ्या, बघा!

त्या खरंच बघायला लागल्या. वाकलेली बोटं उजव्या कुशीवरून दाबत दाबत कंबरेपर्यंत गेली, पलीकडून वर चढली, आणि डाव्या कुशीपाशी आल्यावर अंगापासून चार बोटं दूर झाली. तेवढी जागा हवेतून ओलांडून थेट काखेत गेली. तेव्हा मला आठवलं, गुदगुल्या मला लग्नाआधी व्हायच्या. नंतर फाटकावर एकदाही झाल्या नव्हत्या. इतकी वर्षं रोज झडती झाली आणि तिथे मी वाटेल ते लपवू शकले असते.