देवघरातली खीळ

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. पिंपळावर मुंजा राहतो असं कोणी म्हणालं की मी विचारतो, स्वतःच्या मालकीने की भाड्याने? कल्याणच्या कचेरीत या एका वाक्यावर माझी थोडीफार कीर्ती आहे. दुसरी कसलीही नाही. आपल्या मासिकात वाचकांनी लिहून पाठवलेले अनुभव मी आजवर जेवणानंतर, सुपारी कातरता कातरता, हसण्यासाठी म्हणून वाचत आलो. आता पाळी माझी आहे... तुम्ही सुपारी घेऊन बसा.

आमचं घर कल्याणात, पारनाक्याजवळ. घरी एक दमणी होती — वर तट्ट्याचं छप्पर, आत गवतावर घातलेली सतरंजी, आणि पुढे दोन बैल, त्यांतला एक कायम रुसलेला. कचेरीतले लोक म्हणत, नाना, दारावरून आगगाडी जाते, हा खटाटोप कशाला? पण आगगाडी तिला जायचं असेल तिथेच जाते. माझी थोरली बहीण, आक्का, दिली होती निळज्याला. डोंबिवलीच्या पुढे, मानपाड्यावरून भातखाचरांमधून जावं लागतं. तिथे कुठलं आलंय स्टेशन?

शिवाय दमणीची निगा राखणं हे माझं व्यसन होतं. एका इंग्रजी पुस्तकात फ्रिक्शनवरचं प्रकरण वाचल्यापासून मला चाकांतलं सगळं कळतं अशी माझी समजूत झाली होती. वंगणात एरंडेल किती, काजळी किती, हे मी आमच्या राघो गाडीवानाला रोज सांगायचो. राघो डोंबिवलीकडचा, जातीचा आगरी. तो ‘व्हय नाना’ म्हणायचा आणि आपल्या मनाप्रमाणे कालवायचा. माझ्या प्रमाणाने केलं तरी चाक करकरायचं आणि त्याच्या प्रमाणाने केलं तरी करकरायचं. त्यामुळे आमच्यात वादाला कधी तोटा पडला नाही.

आता खीळ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी हकीकत तिच्यावरच अडकलेली आहे... आणि त्या दिवशी आम्हीही. गाडीचं चाक आसावर नुसतं ओवलेलं असतं. ते बाहेर घसरू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात लोखंडाची वीतभर खीळ घालतात. प्रत्येक चाकाला एक. ती काढली की चाकाला थांबवणारं काहीच नाही.

तर तो दिवस खंडेनवमीचा, दसऱ्याच्या आदला. घरातली शस्त्रं पूजेला मांडायचा दिवस. आमच्या पूर्वजांनी तलवारी गाजवल्या असं वडील सांगत, पण माझ्यापर्यंत पोचलं ते एक सुपारीचा अडकित्ता आणि कचेरीतला लिहायचा टाक. ते, स्वयंपाकघरातली विळी, माडीवरचा कोयता आणि कात्री असं सैन्य आमच्या कुटुंबाने घासूनपुसून पाटावर पांढऱ्या वस्त्रावर मांडलं होतं. मग तिच्या मनात आलं, गाडीनेही वर्षभर राबायचं आणि तिचं काहीच नको का पूजेला? गाडी काही देवघरात येत नाही. राघो अंगणात चाकं काढून वंगण घालत होता. तिने दारातूनच गाडीचं एखादं लोखंड मागितलं, आणि त्याने डाव्या चाकाची काढून ठेवलेली खीळ तिच्या हातावर ठेवली. तिने ती राखेने लख्ख घासली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी त्या वेळी न्हाणीघरात होतो. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, हे लक्षात असू द्या.

मी पंचा गुंडाळून बाहेर येतो तोच निळज्याहून आक्काचा माणूस धापा टाकत आला. आक्काची सून बाळंत होऊन आठवडा झाला होता. तिला ताप भरला, दूध आटलं. बाळाला गाईचं, शेळीचं, काहीच पोटात ठरेना. शेजारच्या एका आगरीणबाईने दोनदा छातीशी घेऊन त्याला जगवलं होतं, पण तिच्या पदरी स्वतःची जुळी. निरोप एवढाच होता: गोदूला घेऊन ये, उशीर करू नको.

गोदू आमची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली, कडेवर तीन महिन्यांचा मुलगा. तिचं सासर ठाण्याला, कोपरीत. तिचे सासरे असे, की नातवाला उन्हातून नेल्याचं कळलं असतं तर त्यांनी मला कचेरीत येऊन जाब विचारला असता. मी ‘त्यांना एकदा विचारून...’ असं काहीतरी पुटपुटलो.

“नाना,” गोदू म्हणाली, “विचारायला जाल नि परत याल, तोवर ते मूल राहील का? गाडी जोडायला सांगा.”

तिने आपलं बाळ उचललंसुद्धा होतं.

राघो चाकं परत चढवून बैल धुवायला तलावावर गेला होता. त्याला पळत बोलावून आणलं. धावपळीत बैल जुंपले, वंगणाचा बांबूचा नळा गाडीखाली टांगला आणि निघालो. राघोला वाटलं, खीळ परत घातली असेल. कोणी, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. निघण्यापूर्वी चारी बाजूंनी फिरून काठीने चाकं ठोकून पाहण्याचा माझा रिवाज होता. तो मी त्याही दिवशी पाळला. ठोकलं, मान हलवली, ‘ठीक’ म्हणालो. इंग्रजी पुस्तकात ठोकायचं सांगितलंय; बघायचं सांगितलेलं नाही.

डोंबिवली मागे टाकली आणि डावं चाक ओरडायला लागलं. आधी बारीक, मग असं की गोदूचं बाळ दचकून रडू लागलं. मी गाडी थांबवली. चाक उतरवून नीट वंगण घालायला वेळ नव्हता. राघोने नळ्यात बोटं बुडवली आणि बाहेरूनच आसाच्या टोकाशी, खिळीच्या भोवती, वंगण थापलं. मी फ्रिक्शनवर बोलत असणार. त्याने उजव्या बाजूलाही तसंच केलं, हात धोतराला पुसले आणि वर चढताना म्हणाला, “दोनी खिली जाग्याव हायत, नाना. घाबरू नुको.”

मी कशाला घाबरतोय? मला घाबरायचं काही कारण आहे हेच ठाऊक नव्हतं.

पुढे मानपाड्याच्या अलीकडे एक उंच बांध लागतो. दोन्ही अंगांना खोल खाचरं, आश्विनातलं पाणी अजून पुरतं ओसरलेलं नाही. आम्ही बांधाच्या मध्यावर असताना समोरून पेंढ्याची गाडी आली. मागे सरायला तिलाही जागा नाही, आम्हालाही नाही. राघोने बैल डावीकडे दाबले. डावं चाक बांधाच्या कडेवरून खाली घसरलं आणि दमणी अशी कलंडली की छपराच्या फटीतून मला आकाश दिसायच्या जागी पाणी दिसलं. सगळं ओझं त्या एका चाकावर. गोदूने बाळाला पोटाशी आवळलं, दुसऱ्या हाताने माझं उपरणं धरलं. मी काय धरलं ते आठवत नाही, बहुधा गोदूलाच.

पेंढ्याची गाडी घासून निघून गेली. राघोने बैलांना अशी काही आईवरून हाक दिली की ती इथे छापता येणार नाही, आणि दमणी हिसका देऊन वर आली. चाक जागच्या जागी. “चांगली आहे हो गाडी,” गोदू श्वास टाकून म्हणाली. मी म्हटलं, निगा राखतो ना मी. हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

निळज्याला आक्का दारातच उभी होती, तोंडावर रक्त नाही. गोदू उतरली, आपलं मूल आक्काच्या हातात दिलं आणि थेट आत गेली. आतून येणारं ते रडणं फार क्षीण होतं, मांजराच्या पिल्लासारखं... आणि मग ते थांबलं. अंगणात आम्ही सगळे थिजलो. आक्काने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. इतक्यात गोदूचा आवाज आला.

“पितोय गं, आत्या. चांगला ओढून पितोय.”

आक्का तुळशीपाशी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला कोणासमोर रडता येत नाही, म्हणून छत्री काढण्याच्या निमित्ताने मी परत दमणीत चढलो. राघोने बैल सोडायला सुरुवात केली होती.

आणि चाक निघालं.

मोठा आवाज नाही, काही नाही. डावं चाक शांतपणे आसावरून बाहेर आलं, अंगणात दोनतीन वेढे घेतले आणि आंघोळ करून आलेल्या माणसासारखं निवांत आडवं पडलं. दमणी डावीकडे बसली. मी छत्रीसकट गवतातून गडगडत आक्काच्या पुढ्यात येऊन पडलो. रडता रडता ती हसायला लागली. ज्या कोणी ते चाक धरून ठेवलं होतं, त्याने दोन बाळं आणि एक आई एवढ्यांचीच जबाबदारी घेतली असावी. माझं नाव त्यात नव्हतं. तक्रार नाही.

राघो चाकापाशी उकिडवा बसून राहिला. आसाचं भोक रिकामं होतं. अंगणभर शोधलं, वाटेवर मागे जाऊन पाहिलं, खीळ नाही. मग त्याच्या एकदम लक्षात आलं, सकाळी ती आपणच काढून वहिनीबाईंच्या हातावर ठेवली होती आणि परत घातलेली कोणी पाहिली नव्हती. पण लगेच तो मान हलवायला लागला. “पन नाना, वाटंत मी तिला वंगन लावलं ना. माज्या ह्या हातान. थंडगार लोखान व्हतं.”

मी त्याला समजावलं, की हाताला सवयीने तसं वाटतं. माझ्या आवाजात फारसा दम नव्हता, कारण त्या बांधावरचं पाणी मला अजून दिसत होतं.

बाभळीच्या लाकडाची खीळ करून घातली. बाळाची आई तापातून उठेपर्यंत गोदू तिथेच राहिली, एका कुशीत आपलं नि दुसऱ्या कुशीत आक्काचं. आम्ही सगळे कल्याणला परतलो तेव्हा दसरा उलटून गेला होता.

घरात पाऊल टाकताच मी विचारलं, डाव्या चाकाची खीळ कुठे आहे? “देवघरात,” कुटुंब म्हणालं. “पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नसतं, म्हणून हातही लावला नाही. नंतर म्हटलं तुम्हीच या नि घ्या. का हो? ते एवढंसं लोखंड, त्यावाचून अडलं काय?”

मी सांगितलं, काय अडायला हवं होतं ते. ती तिथेच भिंतीला टेकली. मग म्हणाली, “अहो, मग हे बघा,” आणि मला देवघरात घेऊन गेली.

पाटावर विळी, कोयता, कात्री, अडकित्ता, टाक — सगळं लख्ख, हळदकुंकवाचे ठिपके सुकलेले, फुलं वाळलेली. आणि खीळ... टोकापासून टोकापर्यंत वंगणाने काळी. तिच्यावर हळद नाही, कुंकू नाही. झेंडूचं फूल बाजूला पडलेलं. खालच्या पांढऱ्या वस्त्रावर तेलकट काळा डाग पसरलेला, आणि खिळीवर चार बोटांनी थापल्याच्या खुणा.

नवमीच्या संध्याकाळी दिवा लावायला गेली तेव्हाच तिला ती अशी दिसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिला वाटलं, घाईत निघताना मीच तेलकट हातांनी देवघरात शिरलो असेन. त्याबद्दल सुनवायचं म्हणून तिने सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. वंगणाचा नळा तर आमच्याबरोबर, गाडीखाली टांगलेला.

राघोला आत बोलावलं. तो उंबऱ्यापाशीच थांबला. मी पाट पुढे केला. त्याने त्या खुणांवर हवेतच आपली बोटं धरून पाहिली, लावली नाहीत. मग हात जोडले आणि निघून गेला. दोन दिवस गाडीवर आलाच नाही.

मी स्वस्थ बसणारा नव्हे. मी प्रयोग केला. खीळ काढून रिकामी दमणी राघोला हाकायला लावली. घरापासून विहिरीपर्यंत जायच्या आतच चाक निघून एका भाजीवालीच्या टोपलीला धडकलं. तिने मला जे सुनावलं तेही इथे छापता येणार नाही. शाळेतले आमचे स्नेही मास्तर म्हणाले, चिखल आणि गवत तुंब्यात, चाकाच्या मधल्या गड्ड्यात, घट्ट बसून चाक अडलं असेल. असेल बुवा. मी म्हटलं, मग चला, चिखल-गवत भरतो, तुम्ही बसा, त्या बांधावरून एक फेरी मारू. त्यांना शाळेची घाई होती. आणि चिखलाने चाक धरलंही असेल, पण देवघरातल्या वस्त्रावर वंगण कसं आलं?

त्या बाळाची परवाच मुंज झाली. दांडगा मुलगा आहे. गोदूच्या थोरल्याशी मारामारी केल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. गोदूच्या सासऱ्यांना ही हकीकत अजून कोणी सांगितलेली नाही. ते आपलं मासिक घेत नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे. दमणीला लोहाराकडून नवी खीळ करून घेतली. जुनी देवघरातच असते. आता प्रवासाला निघताना मी चाक काठीने ठोकत नाही. वाकून दोन्ही खिळींना हात लावतो, आणि मनात काहीतरी म्हणतो. काय ते सांगणार नाही, कचेरीतली कीर्ती जाईल.

उलगडा मला झालेला नाही. वाचकांपैकी कोणाला सुचला तर अवश्य लिहावं, पण आधी त्या बांधावरून जाऊन यावं. आमच्याकडे तो डागाचा कपडा अजून तोच आहे, रिठ्याने, साबणाने, कशानेच निघाला नाही. दर खंडेनवमीला पाटावर तोच अंथरतात. कुटुंब हळदकुंकू वाहतं, आणि त्याच्या आधी मी नळ्यात बोट बुडवून खिळीला वंगण लावतो. “थोडं लावा हो, वस्त्र खराब होतं,” ती दर वर्षी म्हणते.

मी ऐकून घेतो, आणि आणखी एक बोट लावतो.