दोऱ्यानं शोधलेलं शून्य

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांना हार घालतात, नारळ फोडतात आणि मेन स्विच पाडतात. दसरा उलटेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. त्या वर्षी मला तिथं अकरा महिने झाले होते. बारावा भरला की कायम होणार होतो, आणि हुशारी अंगात मावत नव्हती. पंपाचे भाग कापणाऱ्या आमच्या चार अक्षांच्या मशीनची छोटी बॅटरी बदलायला झाली होती. मशीन बंदच आहे, हळदकुंकू लावायला दार उघडलंच आहे, तर हेही उरकू, असं म्हणून मी ती बदलली. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

ती बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते. प्रत्येक अक्षाच्या मोटरीमागे एन्कोडर नावाची डबी असते. आपण कुठं उभे आहोत हे ती लक्षात ठेवते, आणि वीज नसताना तिची आठवण त्या बॅटरीवर टिकते. मी चारही अक्षांची आठवण पुसून टाकली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेन टाकला, तर पडद्यावर नुसती लाल अक्षरं. एवढं मोठं धूड, पण आपण कुठं आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मालक म्हणाले, "कंपनीचा माणूस चार दिवसांनी येईल. तोवर तू घरी बस. पुढचं मग बघू."

त्या 'पुढचं'चा अर्थ मला नीट कळला.

तेवढ्यात मामा पुढं आले. मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, उमेदीची वर्षं यंत्रमागावर काढलेले. म्हणाले, "मालक, जेवणाच्या सुट्टीपतोर बघतो की. न्हाय जमलं तर दोघंबी घरी बसतो."

तीन अक्षांना अंगावरच खुणा होत्या. मी अक्ष हळूहळू सरकवून रेघेला रेघ मिळवली आणि मशीनला सांगितलं, ही तुझी जागा, इथं तुझं शून्य. चौथ्याची, खालीवर होणाऱ्या अक्षाची खूण मात्र तेलपाण्यात धुऊन गेली होती. तिथं चूक झाली तर हत्यार थेट जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात घुसणार, मग मशीनही जाणार आणि मीही. हाताशी होता फक्त वहीतला एक आकडा: नमुन्याच्या जॉबला टोक टेकलं की पडद्यावर काय दिसायचं, तो.

मामांनी हात पुसायच्या जुन्या टॉवेलातून एक दोरा उपसला. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरून माझ्यापुढं केला. "किती हाय? वाच." मी वाचलं. "परत वाच." पुन्हा वाचलं. "अजून एकदा." मी वैतागलो, पण वाचलं.

मग त्यांनी दोरा नमुन्याच्या जॉबवर, हत्याराच्या टोकाखाली ठेवला आणि डोळे मिटून तो मागंपुढं ओढू लागले. मी हत्यार खाली आणायचं चाक एकेक घर फिरवत होतो.

"अजून. अजून एक. थांब."

मला काहीच फरक दिसला नाही. दोरा मात्र हलेना. वहीतल्या आकड्यात दोऱ्याची जाडी धरून मी तो चौथ्या अक्षाला दिला.

पहिला जॉब लागला तेव्हा मी बंद करायच्या बटणावर बोट ठेवून उभा होतो. हत्यार खाली आलं, जिथं यायचं तिथंच थांबलं आणि कापू लागलं. मोजलं, तर जुन्या जॉबशी तंतोतंत जुळत होतं. ज्याला आपली जागा माहीत नव्हती, त्याला ती एका माणसाच्या दोन बोटांनी दाखवली होती. मी मायक्रोमीटर घेऊन धावत मामांकडं गेलो. "बघा, बघा आकडा!"

त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"मला कुटं दिसतंय त्यातलं? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मालकांना सांगू नको."

"मग मघाशी दोऱ्याची जाडी?"

"तू वाचलास की."

"आणि मी चुकलो असतो तर?"

"म्हणून तर तीनदा वाचायला लावलं."

ऑपरेशन होईपर्यंत मामांचे सगळे आकडे मीच वाचायचो. प्रत्येक तीनदा, न वैतागता.