दिनकरच्या बाजूची फळी

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात जेवत होतो. दुपारी भाकरी खाऊन आडवा झाला, तो उठलाच नाही. ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला मरणसुद्धा कसं विनासायास मिळालं... दिनकर माझा चुलतभाऊ. आमचं गाव सांगलीच्या अलीकडे, कृष्णेकाठी. घरं या काठाला, ऊस त्या काठाला आणि मधे दोन्ही घरांची मिळून एक नाव. मी कॉलेजात ग्रंथपाल झालो, तो लष्करात होड्या चालवून परतला आणि नावेवरच्या फळ्यांना 'डेक' म्हणू लागला. आठवड्यात सगळा गाव डेक म्हणायला लागला. मी सुचवलेला एकही शब्द त्या गावानं कधी उचलला नाही.

ओल्या फळीवर बायका घसरायच्या, म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही दोघं तिला खरबरीत रंग द्यायचो. डावी बाजू त्याची, उजवी माझी. जुना रंग घासायचा, नवा हात मारायचा आणि तो ओला असतानाच वहिनीच्या, म्हणजे दिनकरच्या बायकोच्या, पिठाच्या चाळणीनं चाळलेली वाळू वर टाकायची. वाळल्यावर सुटी वाळू झाडून पुन्हा एक हात. दिनकर जोंधळा पेरल्यासारखी मूठ फेकायचा आणि फेकताना स्वतःची तारीफही करायचा. मी डब्यावरच्या सूचना वाचेपर्यंत माझा रंग सुकायचा. तो म्हणायचा, "गड्या, वाचून झालं की सांग, मग दुसरा डबा आणतो." माझी सख्खी आईसुद्धा नेहमी त्याच्याच बाजूनं चढायची. "वसंता, तुझ्या बाजूला पाय ठिवायचा म्हंजे धाकधूक हुती रं." तिनं एकदा तरी माझ्या बाजूनं निर्धास्त चढावं, एवढीच माझी इच्छा होती.

दिनकरच्या अस्थी सोडायच्या म्हणून गावातल्या मंडळानं नावेला चकचकीत लाल रंग फासला. अध्यक्षांनी दिनकरला 'सागरपुत्र' ठरवलं. समुद्र त्यानं बहुधा रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिला असेल. भाषण संपवून ते हारासकट डेकवर चढले आणि घसरून हारासकटच खाली बसले. दिनकर असता तर पोट धरून हसला असता, आणि ते हसणंही लोकांना आवडलं असतं.

पुढच्या आठवड्यात तो लाल रंग मी एकट्यानं खरवडून काढला. वहिनीकडून चाळण मागून आणली. यंदा डबा न वाचता उघडला, दोन्ही बाजूंना मुठीनं वाळू पेरली. सगळं वाळल्यावर नाव फिरवून लावली, मुद्दाम माझी बाजू काठाला येईल अशी, आणि आईला पलीकडचा ऊस दाखवायला घेऊन आलो. तिनं पाय ठेवला. दाबून पाहिला. मग माझा हात सोडून सरळ मधोमध जाऊन उभी राहिली.

"दिनू बघ," ती म्हणाली, "जाताजाता बी कसं बेस करून गेला. पाय जरा बी सरकत न्हाई."

मी वल्हं उचललं. तोंडापर्यंत आलं होतं...

"व्हय," म्हणालो.

चाळण वहिनीनं अजून परत मागितलेली नाही. साताऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात ती खुंटीला आहे, आणि येता-जाता धक्का लागला की तिच्यातून थोडी कृष्णेची वाळू गळते. पुढच्या उन्हाळ्यात ती लागेल. काम मी करीन, आणि नाव पुन्हा त्याचंच होईल.