युसूफचाचांचा सॅक्सोफोन

वरात नाचत बसली की बँडवाल्याला जागेवर उभं राहावं लागतं. किस्से तिथंच साचतात! जालन्यातल्या आमच्या बँडमध्ये मी ट्रंपेट वाजवतो. माझे निम्मे किस्से शेजारी उभ्या असलेल्या युसूफचाचांचे आहेत. चाचा सॅक्सोफोनवाले. नवरीच्या पाठवणीला ते एकटेच वाजवायचे, बाकीचा बँड गप्प.

*

तीर्थपुरीला नवरदेवाचे मित्र नाचायचं थांबेनात. मुहूर्त टळायला आला. भटजी धावत आले, ओरडले, पण ऐकतंय कोण! शेवटी चाचांनी भर वरातीत पाठवणीची धून काढली. नाचणारे जागीच थांबले. एकजण तर रस्त्यावर बसून रडायलाच लागला, "माझी ताई आठवली रे!"

वरात मुकाट्यानं मांडवात गेली.

*

अंकुशनगरला एका म्हातारबांच्या अंत्ययात्रेला बोलावलं होतं. सगळा जन्म वरातीत गेलेला, सवय कुठं जाते? चौकात गर्दी तुंबली तसा आमचा ढोलवाला ओरडला, "नवरदेवाला पुढं घ्या!"

म्हातारबांचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "घ्या, घ्या. आई लई दिवसांची वाट बघून राह्यली तिकडं."

*

पुढे चाचांचे समोरचे दात गेले. कवळी बसवली, पण सूर निसटायला लागला. दमही पुरेना. डॉक्टरांनी बजावलं, "फुंकणं बंद!"

चाचा म्हणाले, "साहेब, मला दुसरं काहीच येत न्हाई. मंग दिवसभर काय करू, ते बी लिहून द्या!"

*

आमच्या धंद्यातली एक गोष्ट कोणी बाहेर सांगत नाही. गणवेशातले सगळेच काही वाजवत नसतात. बँड मोठा दिसावा म्हणून काहीजण नुसतं वाद्य धरून गाल फुगवतात. मालकांनी चाचांना त्यांच्यात उभं केलं. सॅक्सोफोनचा आवाज की-बोर्डवाला काढायचा.

एका लग्नात मारवाडी शेठजींनी चाचांचे हात धरले, "चाचा, आज काय वाजवलंत!"

चाचा हसले. मग टेम्पोमागं जाऊन बसले, जेवायला आलेच नाहीत. त्या दिवशी मला शेठजींचा, मालकांचा, सगळ्यांचाच राग आला.

*

धावडा गावातली एक पाठवण. नवरी गाडीपाशी पोचली होती, आयाबाया रडत होत्या. चाचा डोळे मिटून सॅक्सोफोनवर बोटं चालवत होते. अन् जनरेटर बंद पडला! की-बोर्ड एकदम गप्प.

चाचांना अलीकडं ऐकू कमी यायचं. त्यांची बोटं चालूच, गाल फुगलेलेच. सगळ्या मांडवाला कळलं, फक्त त्यांना नाही. खांद्याला हात लावून त्यांना थांबवणार, तेवढ्यात नवरीच्या बापानं मला अडवलं.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "चाचाचं होऊ द्या."

गाडीचं दार कोणी उघडलं नाही. नवरी हुंदके देत तशीच उभी राहिली. सगळं गाव उभं राहिलं.

बोटं थांबली. चाचांनी डोळे उघडले, रुमालानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बराबर झालं ना रे?"

"बिलकुल, चाचा."