सात वाजताच्या बससाठी मामाचा ट्रक

ज्या ट्रकात मी कॉम्प्युटर बसवला, त्याचा स्वतःचा स्पीडचा काटा कित्येक वर्षं शून्यावर पडून होता. मामा वेग कानानं ओळखायचा. इंजिन रडायला लागलं की गाडी जोरात आहे, दार खडखडायला लागलं की हळू. अशा गाडीत कॉम्प्युटर कशाला, असं आमच्या संघटनेत कुणी विचारलं नाही. आमच्याकडे प्रश्न फक्त सरकारला विचारायची पद्धत आहे.

भानगड बसची होती. आमच्या गावावरून तालुक्याला जाणारी सकाळी सातची एसटी बंद झाली. आगारात विचारायला गेलो तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "प्रवासी न्हाईत." मी त्याच बसच्या दारात लोंबकळत कॉलेज केलं. मी प्रवासी नव्हतो तर काय होतो, ते त्यानं सांगितलं नाही. बस गेल्यावर पोरं जीपच्या टपावर बसून जायला लागली आणि पोरी घरी बसल्या. कुणी बसवल्या नाहीत, नुसत्या बसल्या, असंच सगळे सांगतात.

त्या बसलेल्यांमध्ये माझी धाकटी बहीण होती. बारावी सायन्स, आणि प्रॅक्टिकल सकाळचं. वडील एका दमात बोलून मोकळे झाले, "जीपमधी पाठवणार न्हाई. बस न्हाई तर कॉलेज न्हाई." दिवाळीपर्यंत वाट बघू, मंग बघू काय ते, असंही म्हणाले. ते 'काय ते' काय होतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण आत्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि येताना ती कुणा ना कुणा पोराचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन यायची. बहीण चहा देऊन आत निघून जायची आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून बसायची. पान उलटल्याचा आवाज मात्र यायचा नाही.

मी संघटनेत विषय मांडला. सोमवारी आगारावर मोर्चा ठरला. तेवढं लवकर ठरलं, कारण मोर्चा हा आमचा पाठांतराचा विषय. पुढं अडलं ते प्रचारावर. मी अकरावीपासून पत्रकं लिहितो आणि ती कुठं जातात तेही मला ठाऊक आहे. अर्धी पत्रकं वाटणाऱ्याच्या डिक्कीत राहतात, उरलेल्यात भजी जातात. म्हणून मी म्हणालो, गाडीवर भोंगे लावू आणि गावोगाव फिरू. अध्यक्ष लगेच म्हणाले, "म्हणजे प्रचाररथ." झालं. ट्रकाचा रथ झाला. आता त्यात बसायला कुणीतरी देव पाहिजे होता आणि तो बैठकीत समोरच खुर्चीवर बसलेला होता.

ट्रक माझ्या मामाचा. सरकी, कापसाच्या गाठी, घनसावंगीकडचा ऊस, जे मिळेल ते वाहणारा. दोन भाड्यांच्या मधल्या दिवसांत गाडी देतो म्हणाला. भाचीसाठी देतो, तुमच्या अध्यक्षासाठी न्हाई, हेही बजावलं.

कॉम्प्युटर मी स्वतः जुळवला. बियाण्याच्या एका कंपनीच्या ऑफिसातून भंगारात निघालेला लॅपटॉप नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या दुकानात मिळाला. स्क्रीन फुटलेली, बाकी जीव शाबूत. ती फुटकी स्क्रीन काढून टाकली आणि आतलं सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. डब्याला भोकं पाडून छोटा पंखा लावला. कुणाच्या तरी कारमधून काढलेली छोटी टीव्ही स्क्रीन डॅशबोर्डवर तारेनं आवळली. आमच्या रस्त्यावर स्क्रूवर भरवसा ठेवत नाहीत, तार लागते. डब्याखाली जुन्या गादीचा फोम घातला. भोंगे आणि अँप्लिफायर एका मंडपवाल्यानं दिले. त्याची पोरगीही त्याच बसनं जायची.

मामा बोनेटवर कोपर टेकून बघत होता. "हे सगळं करून बी तू ह्याच्यातून बोलणारच ना?"

"हो."

"मंग तोंड हाय की."

"मामा, दहा-बारा गावं आहेत. तोंड पुरत नाही."

"तुझ्या आईचं पुरतंय बघ. आमच्या गल्लीत बोलली का पलीकडच्या आळीत कळतंय."

तेवढ्यात संघटनेचे तंत्रज्ञान प्रमुख आले. हे पद आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्याला मिळतं. ट्रकाला दोन बॅटऱ्या असतात, दोन्ही मिळून चोवीस व्होल्ट. आमचा अँप्लिफायर बारावर चालणारा. प्रमुख म्हणाले, एकाच बॅटरीवरून वायर घे, बारा तयारच आहेत. मी म्हणालो, एकच बॅटरी उपसली तर ती मरते, आणि मग गाडी चालू व्हायला आख्खी संघटना धक्का मारायला लागेल. त्यांना हा संघटनेचा अपमान वाटला. मी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावला. त्यांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या मार्गदर्शनाखाली'.

पोलीस ठाण्याची परवानगी ही वेगळीच करमणूक. ज्या रस्त्यावरून कुणाही टिनपाट पुढाऱ्याच्या वाढदिवसाला भिंतीएवढा डीजे जातो आणि घरातली भांडी मांडणीवरून खाली येतात, त्याच रस्त्यावर बस मागायला दोन भोंगे लावायचे तर अर्ज लागतो. त्यात काय वाजणार, कुणाचा आवाज, सगळं लिहून द्यायचं. अध्यक्षांनी लिहून दिलं: 'अध्यक्षांच्या आवाजातील ध्वनिमुद्रित निवेदन'. माईकची ओळच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "माईक ठेवला तर कुणीही काहीही बोलंल. भूमिका बिघडते."

भूमिका लिहायला मसुदा समिती बसली. चार जण आणि चार भूमिका. चांगलं लांबलचक पत्रक निघालं. सुरुवात देशाच्या आर्थिक धोरणापासून. मग खासगीकरण, मग ग्रामीण भागाची उपेक्षा, मग इतिहासातल्या सगळ्या थोरांना वंदन, मग आमच्या संघटनेनं आजवर केलेली आंदोलनं. बस मधोमध कुठंतरी. स्थळ आणि वेळ सगळ्यात शेवटी, जिथं पत्रकावर छापायची रीत आहे तिथं. मी म्हणालो, हे कागदावर ठीक आहे, माणूस कागद धरून खालपर्यंत वाचू शकतो, पण ट्रक पळत असतो. अध्यक्ष म्हणाले, "लोकांना आधी पार्श्वभूमी समजली पाहिजे." समितीनं माना हलवल्या. आमच्याकडे मान हलवणं हे मतदान समजतात.

रेकॉर्डिंग अध्यक्षांच्या घरी, हॉलमध्ये. पंखा बंद केला, दार लावून घेतलं, आणि निवेदन नेमकं संपताना आत कुकरची शिट्टी झाली. पुन्हा घ्यायचं का विचारलं. घामानं निथळत ते म्हणाले, "राहू दे. जनतेच्या घरातलाच आवाज हाय." आख्ख्या निवेदनात जनतेच्या घरातलं तेवढंच होतं.

शनिवारी सकाळी निघालो. मामा स्टिअरिंगवर, मी डब्याशी. अंबड रस्त्याला लागलो आणि बटण दाबलं. भोंग्यातून अध्यक्ष निघाले. आवाज कडक होता, आपलं काम मी चोख केलं होतं. पहिल्या गावात शिरलो तेव्हा देशाचं आर्थिक धोरण चालू होतं, बाहेर पडलो तेव्हाही तेच. खासगीकरण एका वीटभट्टीला मिळालं. थोरांना वंदन दुसऱ्या गावच्या पारावर पोचलं, तिथल्या म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या आणि एकानं हात जोडले. आमची आंदोलनं एका शाळेला. सोमवार, दहा वाजता, आगार हे सगळं कपाशीच्या एका मोठ्या रानाला सांगून झालं. रानात एक बैल होता.

तिसऱ्या गावात एक बाई परात घेऊन धावत आली. "ओ दादा, थांबा की. कांदे हायत का?"

मामा म्हणाला, "कांदे न्हाईत बाई, मोर्चा हाय."

"कशाचा?"

मामानं माझ्याकडे बघितलं. भोंग्यातून तेव्हा 'साम्राज्यवादी शक्तींचे हितसंबंध' चालू होते. बाई परात घेऊन परत गेली.

वळसा घालून दुपारी आमच्याच गावात आलो. बहीण स्टँडवरच्या निंबाखाली मैत्रिणींबरोबर उभी होती. बस नसताना स्टँडवर कशाला यायचं ते मी विचारलं नाही. ती केबिनच्या पायरीवर चढली.

"दादा, मी सगळं कान देऊन ऐकलं."

"मग?"

"माझ्या वाट्याला 'जागतिकीकरणाच्या' एवढंच आलं. पुढं गाडी निघून गेली." मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. ती नाही हसली. "तुम्ही बससाठीच फिरून राह्यलात ना? का दुसरं काही हाय?"

मामानं खिडकीतून पिंक टाकली आणि चावी बंद केली. "मला बी तेच इचारायचं व्हतं सकाळपासून. पण म्हणलं पुढारी माणसं हायत, आपण काय बोलावं."

मला अध्यक्षांचा राग आला, समितीचा आला, आणि त्या मान हलवण्याच्या सवयीचा सगळ्यात जास्त आला. एका पोरीचं कॉलेज टांगणीला आहे आणि हे तिला पार्श्वभूमी समजावून सांगतायत. पार्श्वभूमी तिला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे, ती तिच्या घरी चहा प्यायला येते.

स्वतः बोलून नवीन रेकॉर्डिंग करावं, तर परवानगी अध्यक्षांच्या आवाजाची. दुसरा आवाज वाजला तर गाडी ठाण्यात. मग मी तिथंच निंबाखाली, गुडघ्यावर कीबोर्ड घेऊन, अध्यक्षांना कापायला बसलो. आवाज त्यांचाच, शब्द त्यांचेच. धोरण गेलं, खासगीकरण गेलं, थोरांना वंदन काढताना जरा बिचकलो, पण थोरांनी बससाठी एवढं सोसलं असतं. मधून 'सकाळी सात वाजताची बस बंद' काढलं. शेवटून 'सोमवारी दहा वाजता आगारासमोर' काढलं. दोन्ही जोडलं. शिट्टी शब्दाला इतकी चिकटून होती की ती काढायला गेलं तर आगारही जात होतं, म्हणून ती राहिली. बहीण स्क्रीनवर वाकून बघत होती. "एवढंच?" म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "एवढंच तर हाय."

संध्याकाळपर्यंत सगळी गावं पुन्हा केली. सकाळी सात वाजताची बस बंद, सोमवारी दहा वाजता आगारासमोर, शिट्टी. पुन्हा तेच. शिट्टीला बाया दारात यायच्या. परातवाली पुन्हा भेटली, आता हात रिकामा. "बसचं हाय व्हय हे? सकाळी सांगाय काय झाल्तं? माझ्या पोरीची बी बस हाय ती."

अध्यक्षांचा फोन आला. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. "माझं निवेदन कुठंय?"

"वाजतंय की, साहेब."

"हे निवेदन न्हाई. ही जाहिरात हाय. तू भूमिकेची हत्या केली."

मामानं मोबाईल माझ्या हातातून घेतला. "साहेब, आवाज तुमचाच हाय ना? मंग झालं तर. गाडी चालवायची हाय, ठेवतो."

सोमवारी आगारासमोर बाया होत्या, पोरी होत्या दप्तरं घेऊन, म्हातारे होते. आमच्या मोर्च्यात नेहमी असतात ते झेंडेवाले या गर्दीत सापडत नव्हते. माझे वडील आले होते, लांब पानटपरीला टेकून उभे, जणू दुसऱ्याच कामाला आल्ते. अध्यक्षांनी उभं राहून पूर्ण निवेदन म्हटलं, धोरणापासून. पोरींनी मध्येच तोंडानं शिट्टी घातली आणि सगळा मोर्चा हसला. खिडकीतला माणूस बाहेर आला. प्रवासी नाहीत, हे त्या गर्दीकडे बघून त्याला म्हणता येईना. त्याच आठवड्यात बस सुरू झाली. 'प्रायोगिक तत्त्वावर', असं कळवलं. म्हणजे आम्ही जरा गप्प बसलो की पुन्हा बंद.

संघटनेच्या अहवालात प्रचाररथाला यश आलं असं छापलंय, अध्यक्षांच्या फोटोसह. तंत्रज्ञान प्रमुखांचाही फोटो आहे, कन्व्हर्टरवर हात ठेवलेला. पुढच्या आंदोलनासाठी आणखी मोठं निवेदन लिहायला समिती बसलीय. मी गेलो नाही.

कॉम्प्युटर अजून मामाच्या ट्रकातच आहे, मीच काढला नाही. भाडं नसलं की मामा सकाळी गाडी स्टँडवर निंबाखाली आणून लावतो, चहा पितो. गेल्या आठवड्यात बस यायला उशीर झाला. पोरी उभ्या, बहीण जर्नल छातीशी धरून रस्त्याकडे बघत. मामानं हात लांब करून बटण दाबलं. सकाळी सात वाजताची बस बंद, सोमवारी दहा वाजता आगारासमोर, शिट्टी. त्या दिवशी सोमवार नव्हता. फाट्यावरून बस वळली तेव्हा चौथ्यांदा वाजत होतं. कंडक्टरनं दारातूनच हात जोडले.

"आलो ना मामा, बंद करा ते. पंक्चर झाल्तं."

"तू आधी पोरीला घे," मामा म्हणाला, आणि ती चढेपर्यंत त्यानं बटणावरचं बोट काढलं नाही.