डोंबिवली ते कोपरी, 'ओहोटी'सकट

दुपारची जेवणं उरकून आम्ही डोंबिवलीहून टेंपोने निघालो. मागे ड्रमसेट, सिंथेसायझर, दोन अॅम्प्लिफायर आणि त्यांच्यामध्ये कशीबशी कोंबलेली चार मुलं. पुढे ड्रायव्हरशेजारी मी. आम्ही कुठल्या लग्नाला चाललोय, असं ड्रायव्हरने विचारलं. लग्न नाही आणि ऑर्केस्ट्राही नाही, हे त्याला समजावण्यात कल्याण आलं.

मुलांच्या बँडचं नाव 'खाजण' (भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन). वाजवतात रॉक, पण सिनेमातलं काही नाही आणि कुणाची नक्कलही नाही. एकेक रचना वीस-वीस मिनिटांची, मध्येच ताल बदलणारी. माझा भाचा सुधीर रचना करतो आणि गिटार वाजवतो. सराव माझ्या मागच्या खोलीत चालतो, त्यामुळे टेंपो ठरवणं, पत्रव्यवहार आणि शेजाऱ्यांशी भांडणं ही खाती माझ्याकडे आली. गाणी छोटी करा, असं कॅसेटवाल्यांनी सांगितलं तेव्हा मुलांनी नाही म्हटलं आणि त्याच खोलीत गाद्या लावून स्वतःची कॅसेट काढली. ती दुकानांत ठेवायलाही मीच फिरले.

त्यांची सगळ्यात मोठी रचना 'ओहोटी'. ती लोकांसमोर कधीच पुरी झाली नव्हती. कल्याणला वीज गेली. ठाण्याच्या एका कॉलेजात मुलांनी नाचायची गाणी मागून आरडाओरडा केला. एका गणपतीत तर कार्यकर्त्यांनी वायरच काढली. आता सुधीरला बडोद्याला नोकरी लागली होती आणि सोमवारी त्याला निघायचं होतं. "मावशी, एकदा शेवटपर्यंत वाजवायचीय. लोकांसमोर," एवढंच तो म्हणाला होता.

दुर्गाडीचा पूल ओलांडून आम्ही भिवंडीच्या बाजूला लागलो. दोन्हीकडे यंत्रमागांची खटखट. आमचा ड्रमर नंदू तिच्या तालावर टेंपोच्या फळीवर ठेका धरून बसला. काशेळीच्या अलीकडे टायर बसला. सामान उतरवल्याशिवाय टेंपो उचलला जाईना, म्हणून भर उन्हात रस्त्याच्या कडेला ड्रमसेट मांडून आम्ही उभे राहिलो. दोन ट्रकवाले थांबून एखादं गाणं होऊन जाऊ दे म्हणाले. खाडीचं पाणी उतरलं होतं, चिखलात बगळे चालत होते. माजिवड्याला उसाचा रस प्यालो आणि ऊन कलायच्या आत कोपरीला पोचलो.

कोळीवाड्यात गावदेवीची जत्रा होती. ठरलेला ऑर्केस्ट्रा आयत्या वेळी नाही म्हणाला. नंदूच्या ऑफिसातला एक मित्र इथला, त्याने आमचं नाव सुचवलं. मित्राच्या आईने, हिराबाईंनी, आम्हाला आधी पानावर बसवलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) कालवण. सुधीर नुसती भाकरी कुरतडत होता.

"खा रं," हिराबाई म्हणाल्या. "सासरी चाललास काय असा?"

जेवताना त्यांचे दीर आले. ते उत्सवाचे अध्यक्ष. त्यांनी नियम सांगितला: पालखी देवळातून निघते, दारोदार थांबत मांडवात येते. ती मांडवात शिरली की बाकी सगळं बंद. तोवर काय हवं ते वाजवा.

'ओहोटी'च्या मधोमध एक शांतता आहे. सगळे थांबतात, नंदू मनात मात्रा मोजतो आणि मग ड्रमवर दुसरा अर्धा भाग सुरू होतो. ही जागा काढून टाक, असं मी सुधीरला वर्षभर सांगत होते. त्याने ऐकलं नव्हतं.

मांडव भरलेला होता. पोरं नाचायच्या तयारीने पुढे आली, ताल सापडेना तेव्हा खाली बसली. पण उठून कोणी गेलं नाही. शांतता आली आणि अध्यक्ष शाल-नारळ घेऊन थेट मंचावर चढले. टाळ्यांचा कडकडाट. त्यांनी सुधीरच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईकवर आभार मानायला लागले. नंदू काठ्या हवेत धरून तसाच बसला होता.

मी मंचावर गेले आणि अध्यक्षांना सांगितलं, "दादा, निम्मंच झालंय."

"निम्मा?" त्यांनी नारळाकडे पाहिलं. "मंग थांबलं कशाला?"

राहिलेलं तेवढं वाजवा, असं मी सुधीरला म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. तुकड्यांनी वाजवलेलं पूर्ण धरता येत नाही, वाजवायचं तर पहिल्यापासून. पण गल्लीच्या टोकाला पालखीचा ढोल ऐकू यायला लागला होता. मी खाली येऊन हिराबाईंना विचारलं, पालखी जरा थांबवता येईल का.

"देवीला कोन थांबवनार?" त्या म्हणाल्या. मग पदर खोचून उठल्या. "पर दारान आली का वटी भराची असते. बाया भरतीन तवर ती उभी. तुमी वाजवा."

त्या गल्लीत गेल्या आणि दारादारातल्या बायकांशी काहीतरी बोलल्या. त्यानंतर पालखी जी रेंगाळली, ती रेंगाळली. कुणाचा खण आत राहिला, कुणाची सून अजून साडी नेसत होती, कुणाचं निरांजन विझलं. तिकडे भोई घामाघूम आणि इकडे 'ओहोटी' पहिल्यापासून. शांततेच्या जागी अध्यक्षांनी स्वतः तोंडावर बोट ठेवून लोकांना दटावलं.

शेवटचा सूर विरला. मुलांनी हात खाली घेतले. टाळी एकही नाही. एवढा मोठा मांडव, पण कोणी हलेना. फसलेले लोक पुन्हा फसायला तयार नव्हते. अखेर अध्यक्षांनी खालूनच विचारलं, "झाला का?"

"झालं," सुधीर म्हणाला. मग टाळ्या पडल्या आणि त्या थांबायच्या आत पालखी मांडवात आली.

परतताना काशेळीच्या पुलावर गार वारा होता. मला वाटलं होतं मुलं खूश असतील. मागे भांडण चालू होतं. तिसरा भाग घाईत गेला, असं सुधीरचं म्हणणं. नंदूचं म्हणणं, सिंथेसायझरच मागे पडला. वर्षानुवर्षं या मुलांना सोबत केल्यावर मला एक कळलंय: एखादी गोष्ट एकदा पुरी झाली की ती नीट करायचं काम सुरू होतं.

डोंबिवलीला सामान उतरवताना सुधीर जवळ आला. "दिवाळीला येतोय, मावशी. तोवर माझ्या जागी कोणाला घेऊ नका."

"घेणार," मी म्हटलं. "सराव बंद राहणार नाही. तू आलास की दोन गिटार. तशी रचना कर."

तो अॅम्प्लिफायर उचलून मागच्या खोलीत ठेवायला गेला.